लोकेटर बोलायचा कसा: पणजीतल्या सराव गटाच्या प्रकल्प नोंदी

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

काम पक्कं झालं. हॅम रेडिओच्या (हौशी बिनतारी संदेशवहनाच्या) व्हीएचएफ, म्हणजे अतिउच्च वारंवारतेवरच्या, स्पर्धेत आपलं ठिकाण, म्हणजे लोकेटर (नकाशावरच्या चौकोनाचं सहा अक्षर-अंकांचं नाव), आवाजावर एका दमात आणि समोरच्याला एकदाच ऐकून लिहिता येईल असं कसं सांगायचं, याची गटापुरती एक पद्धत बसवायची. शेवटी हातात तीन गोष्टी हव्यात: रिगसमोर (रेडिओ संचासमोर) चिकटवायचं कार्ड, ऐकण्याच्या सरावासाठी रेकॉर्डिंग आणि गोव्याचा लोकेटर नकाशा.

हे व्हीएचएफसाठीच का, ते लिहून ठेवतो, कारण नवीन मुलं विचारतात. एचएफवरच्या (लघुलहरींवरच्या) मोठ्या स्पर्धांत ठिकाण म्हणजे बहुतेक वेळा झोन, जगाच्या एका मोठ्या तुकड्याचा क्रमांक. सीक्यू वर्ल्ड वाइडमध्ये आपला झोन २२, जुलैतल्या आयएआरयू स्पर्धेत ४१. कॉलसाइन (स्टेशनचं परवान्यावरचं नाव) टाइप केला की लॉगिंग सॉफ्टवेअर झोन स्वतःच भरतं, ऐकणाऱ्याला फक्त ताडून पाहायचं असतं. लोकेटरला असा आधार नाही. व्हीयू (भारतीय कॉलसाइनची सुरुवात) म्हटल्यावर माणूस लेहला आहे की कन्याकुमारीला, हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. जे कानावर पडलं तेच लॉगमध्ये जातं.

सीक्यूच्या व्हीएचएफ स्पर्धेत पहिली चार अक्षरं-अंक पुरतात. युरोपातल्या व्हीएचएफ स्पर्धांत पूर्ण सहा द्यावे लागतात आणि गुण अंतरावर, म्हणजे किलोमीटरला एक. आम्ही सरावाला सहाच धरणार. सहा नीट बोलता आले तर चार येतातच.

२४ ऑगस्ट, रविवार

आज नकाशा.

पद्धत थोडक्यात: हा मेडनहेड लोकेटर. जॉन मॉरिसन यांनी सुचवला आणि १९८० मध्ये इंग्लंडमधल्या मेडनहेड गावी व्हीएचएफ मंडळींच्या बैठकीत स्वीकारला गेला, म्हणून हे नाव. पहिली दोन अक्षरं २० अंश रेखांश गुणिले १० अंश अक्षांशाचा पट्टा सांगतात. पुढचे दोन अंक त्यातला २ अंश बाय १ अंशाचा चौकोन, शेवटची दोन अक्षरं त्यातला ५ मिनिटं बाय अडीच मिनिटांचा छोटा चौकोन. प्रत्येक जोडीत रेखांश आधी, अक्षांश नंतर. गोव्याच्या अक्षांशावर हा छोटा चौकोन पूर्व-पश्चिम साधारण ९ किलोमीटर आणि दक्षिण-उत्तर साडेचारच्या थोडा वर भरतो.

सगळा गोवा एमके पट्ट्यात येतो. ७४ अंश रेखांशाच्या पश्चिमेला एमके६५, पूर्वेला एमके७५. काणकोणात चावडीच्या थोडं दक्षिणेला १५ अंशांची रेषा आहे, तिच्याखाली गालजीबाग, पोळे हा भाग एमके७४. म्हणजे पोळ्याचा माणूस आणि कारवारचा माणूस एकाच चौकोनात, फोंड्याचा आणि बेळगावचा एकाच चौकोनात.

आता खरी गंमत पणजीत आहे. १५ अंश ३० मिनिटं उत्तर आणि ७३ अंश ५० मिनिटं पूर्व या दोन्ही रेषा मांडवी पुलाच्या जवळपास एकमेकींना छेदतात. परिणामी एकट्या पणजी परिसरात चार छोटे चौकोन एकत्र येतात: व्हीएल, व्हीएम, डब्ल्यूएल आणि डब्ल्यूएम. आल्तिनोवर उभे राहिलात तर एमके६५व्हीएल. कदंबा बसस्टँडवर उभे राहिलात तर एमके६५डब्ल्यूएल. नदी ओलांडून पर्वरीकडे गेलात की शेवटचं अक्षर एम.

बाकीच्या जागा: म्हापसा एमके६५व्हीओ, मडगाव एमके६५एक्सजी, पेडणे एमके६५व्हीआर, डिचोली एमके६५एक्सओ, साखळी एमके७५एएन, वाळपई एमके७५बीएम.

नकाशा भिंतीवर लावल्यावर मला जे दिसलं तोच या सगळ्या प्रकल्पाचा गाभा आहे असं मला वाटतं. लोकेटरची पहिली अक्षरं चुकली तर जागा भलतीकडे पडते आणि लॉग लिहिणाऱ्याला शंका येते. पण शेवटच्या दोनांत शेजारचं अक्षर पडलं तर चुकीचा लोकेटरसुद्धा बहुधा गोव्यातच पडतो. व्हीएलऐवजी डब्ल्यूएल लिहिलं तर ते चुकीचं आहे हे कोणाला दिसणार? दोन्ही पणजीच. स्पर्धेनंतर दोन्ही बाजूंचे लॉग ताडले जातात तेव्हाच ते उघडं पडतं आणि संपर्क बाद होतो. त्यामुळे इथे डोळ्यावर विसंबून चालणार नाही. सगळी भिस्त बोलण्यावर आणि ऐकण्यावर.

३१ ऑगस्ट

चवथीचे दिवस, म्हणजे गणपती. सगळे आपापल्या गावी. काम नाही. संध्याकाळी सात मेगाहर्ट्झवर कान लावून पाहिला, तर गणपतीवरच्या माटोळीभोवतीच्या एलईडी माळांचा गुरगुराट एस-मीटरवर (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मापकावर) ठाण मांडून बसलेला. त्याचं रेकॉर्डिंग मात्र करून ठेवलं. सरावात मिसळायला याहून खरा आवाज मिळणार नाही.

७ सप्टेंबर, रविवार

ऑल एशियन स्पर्धेचा फोन भाग चालू होता. त्यात ठिकाण देत नाहीत, ऑपरेटरचं वय देतात. तरी भाचीला मुद्दाम ऐकायला बसवलं. तिला सांगितलं, काय बोलतात ते लिहू नकोस, कसं बोलतात ते लिही.

तिने लिहिलेलं जसंच्या तसं: "मुरलेला माणूस प्रत्येकाला त्याच चालीत सांगतो. वेग बदलत नाही. 'प्लीज कॉपी' म्हणत नाही. आकडा एकेक अंक करून सांगतो. कोणी परत विचारलं तर फक्त विचारलेलंच सांगतो."

सोळा वर्षांच्या मुलीने एका दुपारी एवढं टिपलं याचा मला फार आनंद झाला. कार्डाची पहिली आवृत्ती हीच.

१४ सप्टेंबर

रेकॉर्डिंगचा दिवस. आल्तिनोवरच्या काकांच्या घरी एक रिग, खाली भाटलेत माझ्याकडे दुसरी. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या आत एसएसबीवर (आवाज पाठवायची अरुंद पट्ट्याची पद्धत) कमी पॉवरने बोललो आणि रेकॉर्डिंगमध्ये चवथीचा गुरगुराट वेगवेगळ्या प्रमाणात मिसळला.

नुसती अक्षरं बोलली तर काय होतं ते अपेक्षेप्रमाणेच. बी, डी, जी, पी, टी, व्ही सगळी एकाच 'ई'वर संपतात आणि गोंगाटात ती 'ई'च उरते. एम आणि एन वेगळे काढताच येत नाहीत. म्हणून प्रत्येक अक्षराला ठरलेला शब्द, अल्फा, ब्राव्हो, चार्ली हवं, यात वाद नाही.

पण व्हीचा विक्टर आणि डब्ल्यूचा विस्की. इथे आम्ही बराच वेळ थांबलो.

इंग्रज माणसाच्या तोंडी या दोन शब्दांची सुरुवात वेगळी असते: एकात दात ओठावर येतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. आपण मराठी बोलणारे, कोकणी बोलणारे, दोन्हीकडे एकच 'व' लावतो. दोन्ही शब्द 'वि'ने सुरू होतात, दोन्हींत मध्ये 'क' आहे. राहिला फरक 'विस्की'तल्या 'स'चा. आणि तोच नेमका रेडिओ गिळून टाकतो. एसएसबीचा आवाज साधारण ३०० ते २७०० हर्ट्झमध्ये बसवलेला असतो, 'स'चा जोर त्याच्या बराच वर. फिल्टरमधून बाहेर पडतो तो 'वि-की'. दुसरीकडे सिग्नल खाली गेला की 'विक्टर'चं शेपूट तुटतं आणि 'विक्' उरतं. कान लावून ऐकलं तरी 'विकी' आणि 'विक्' यांत निवड करायची वेळ येते.

आणि पणजीत व्ही आणि डब्ल्यू शेजारी-शेजारी. इथे हा गोंधळ चालणार नाही.

तीन उपाय करून पाहिले. 'विस्की'चा उच्चार इंग्रजांसारखा करणं: काकांना जमतं, बाकीच्यांना दमल्यावर जमत नाही, आणि स्पर्धेत माणूस दमतोच. शेवटचा स्वर ताणणं, 'विस्कीऽ' आणि 'विक्टऽर': याने बराच फरक पडला, कारण स्वर फिल्टरमधून सहीसलामत येतो. आणि परत विचारल्यावर शब्दच बदलणं: डब्ल्यूला 'वॉशिंग्टन'. हा शब्द स्पर्धेत जुने लोक सर्रास वापरतात, तीन अवयवांचा आहे आणि सुरुवातीचा 'वॉ' कशाशीही मिसळत नाही.

ठरलं ते असं. पहिल्यांदा नेहमीचं, विस्की. समोरच्याने परत मागितलं तर वॉशिंग्टन. जो शब्द एकदा गोंगाटात बुडाला तो त्याच गोंगाटात दुसऱ्यांदाही बुडण्याची शक्यता जास्त, म्हणून परत सांगताना शब्द बदलायचा. पण पहिल्याच वेळी हौशीने वेगळा शब्द वापरायचा नाही. समोरच्याचा कान 'विस्की' ऐकायला तयार असतो.

२१ सप्टेंबर

अंक.

फाइव्ह आणि नाइन ही जगभरची जुनी डोकेदुखी. विमानवाले म्हणूनच 'नाइनर' आणि 'फाइफ' म्हणतात. आम्हाला ती जास्त भोवते, कारण पणजी एमके६५ आणि मुंबईचा वांद्र्याकडचा, उत्तरेचा भाग एमके६९. (कुलाबा १९ अंशांच्या खाली, म्हणून तो एमके६८.) दोन्ही एकाच किनाऱ्यावर. मंगळूरच्या माणसाने उत्तरेला अँटेना फिरवली की दोघेही जवळजवळ त्याच दिशेला ऐकू येणार. दिशेवरूनही शंका यायची नाही. तेव्हा नऊला 'नाइनर' म्हणायचं, हे आम्ही हॅम असूनही विमानवाल्यांकडून घेतलं.

आपसातल्या सरावात मराठी-कोकणी अंक चालतील का, यावर चर्चा झाली. चालतील, पण दोन अटींवर. एक, 'पासष्ट', 'पंच्याहत्तर' असे जोडून म्हणायचे नाहीत. एकोणसत्तर की एकोणऐंशी हे गोंगाटात ओळखायला बसलं तर स्पर्धा संपून जाईल. 'सहा पाच' असं सुटं. दुसरी अट मडगावच्या आमच्या मित्राने स्वतःहून घातली. कोकणीत सहाला नुसतं 'स' म्हणतात. एकच अवयव, तोही 'स'चा, ज्याचा रेडिओशी छत्तीसचा आकडा. तो म्हणाला, "म्हजो स कोणाक आयकूंच येना. हांव सहा म्हणटलों." तेव्हापासून सगळे 'सहा' म्हणतात.

सहा जागांचा साचा ऐकणाऱ्याला किती मदत करतो, हेही मुलांना आज समजावलं. अक्षर अक्षर, अंक अंक, अक्षर अक्षर. तिसऱ्या-चौथ्या जागी अक्षर येऊच शकत नाही. पहिल्या जोडीत ए ते आर, शेवटच्या जोडीत ए ते एक्स, यापलीकडे काही नसतं. शेवटी 'यँकी' ऐकू आलं तर ते नक्की दुसरं काहीतरी होतं, पुन्हा विचारा.

५ ऑक्टोबर, रविवार

मैदानी चाचणी. गाडीत हँडी (हातात धरायचा रेडिओ) आणि छपरावर चुंबकाचा अँटेना, एफएम सिम्प्लेक्स, म्हणजे एका रेडिओवरून थेट दुसऱ्यावर. काका आल्तिनोवर, मी आणि भाची फर्मागुडीहून फोंड्याकडे.

हा रस्ता मुद्दाम निवडला. फर्मागुडी ७४ अंशांच्या पश्चिमेला, एमके६५एक्सके. घाटी उतरून फोंडा बाजारात पोचेपर्यंत रेषा ओलांडलेली असते आणि लोकेटर होतो एमके७५एजे. इथे नुसता एक अंक बदलत नाही. एक्स हे एका चौकोनाचं शेवटचं अक्षर, ए हे पुढच्याचं पहिलं. अंक आणि अक्षर जोडीने बदलतात. कोणी नवीन अक्षर जुन्या अंकाला जोडून एमके६५एजे सांगितलं, तर फोंडा पश्चिमेला सुमारे २१५ किलोमीटर सरकून भर अरबी समुद्रात जातो. म्हणून चालत्या गाडीतून फक्त 'शेवटची दोन बदलली' असं कधीही कळवायचं नाही. लोकेटर बदलला की सहाच्या सहा नव्याने.

काकांचं म्हणणं होतं, गोव्यातल्या गोव्यात 'माइक किलो' (एमके) कशाला, सगळ्यांना ठाऊक आहे. मुद्दा रास्त आहे. पुणे, हैदराबाद, बंगळूरसुद्धा एमकेतच येतात. तरी मी आणि भाचीने ते राहू द्यावं असं लावून धरलं आणि चाचणीत ते पटलं. गाडीतून येणारा आवाज डोंगराआड दबतो, पुन्हा वर येतो. 'माइक किलो' हे दोन शब्द आधीच माहीत असल्यामुळे तेवढ्या वेळात कान बोलणाऱ्याच्या आवाजाला, वेगाला सरावतो. मग येणारे चार, जे खरोखर नवे असतात, ते नीट पडतात. सुरुवात कापली तर कान थेट महत्त्वाच्या अक्षरावर उठतो. काकांनी मान्य केलं: "बरोबर. राहू दे."

आणखी एक गोष्ट पक्की झाली. प्रत्येक अक्षर दोनदा म्हणणं, 'माइक माइक किलो किलो', याने काहीच साधत नाही. सिग्नल काही सेकंद खाली जातो तेव्हा शेजारचे शब्द एकत्रच बुडतात, त्यामुळे दोन्ही प्रती जातात. शिवाय किती एम होते याचा नवा गोंधळ. पूर्ण लोकेटर एकदा, श्वासभर थांबा, पूर्ण लोकेटर पुन्हा. बुडालेला भाग दुसऱ्या फेरीत बहुधा वेगळा असतो.

१२ ऑक्टोबर

आज ऐकणाऱ्याची बाजू. कार्डावर बोलणाऱ्यासाठी खूप लिहिलं, ऐकणाऱ्यासाठी जवळजवळ नव्हतंच, आणि मला तर हीच बाजू जास्त महत्त्वाची वाटते.

शंका असली की आपण सहज विचारतो, "विक्टर लिमा का?" हे टाळायचं. आपण सुचवलेलं उत्तर आपल्याच डोक्यात बसतं. गोंगाटातून 'रॉजर'सारखं काहीही आलं की ते होकारच वाटतं. त्यापेक्षा "शेवटची दोन पुन्हा" एवढंच म्हणावं आणि मोकळ्या कानाने ऐकावं. लिहून झाल्यावर, अजून शंका उरली असेल तरच, पूर्ण लोकेटर वाचून दाखवावा. समोरच्याने तो बरोबर आहे म्हटलं की संपलं.

समोरचा भला माणूस असतो, आपल्याला ओशाळं वाटू नये म्हणून घाईने हो म्हणतो. ही माणुसकी फोनवर चांगली. लॉगमध्ये ती दोघांचाही संपर्क घालवते. ज्याला ऐकू आलं नाही त्याने 'नाही' म्हणावं, यात काही उणेपणा नाही, हे मी नव्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो.

अक्षांश-रेखांश थेट बोलण्याबद्दलही एक ओळ कार्डावर घातली: बोलू नयेत, आणि बोलायचेच झाले तर 'अंश' आणि 'मिनिटं' हे शब्द गाळू नयेत. पणजी १५ अंश ३० मिनिटं, ७३ अंश ५० मिनिटं. कोणी घाईत 'पंधरा तीस, त्र्याहत्तर पन्नास' म्हटलं आणि समोरच्याने ते दशांशात लिहिलं, तर ती जागा पणजीच्या नैर्ऋत्येला ४० किलोमीटरहून थोडी जास्त, समुद्रात निघते. स्पर्धेत यामुळे एक संपर्क जाईल. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात गोव्यात वीज आणि फोन गेले होते. तशा वेळी कोणी कुठे अडकलंय ते हँडीवरून सांगताना हीच घाई माणसाच्या जिवाशी येईल. मी हा प्रकल्प स्पर्धेसाठी धरला आहे खरा, पण त्या दिवसासाठीही.

गावांच्या नावांचं थोडक्यात: लोकेटरला जोड म्हणून गावाचं नाव द्यायला हरकत नाही, मात्र बाहेरच्या माणसाला नकाशावरचं स्पेलिंग लागतं. आपण डिचोली म्हणतो, त्याच्या नकाशात बिचोलिम. आपण पेडणे, तिकडे पेर्नेम. तो 'डी'खाली शोधत बसेल. भिंतीवरच्या नकाशात दोन्ही नावं लिहिली.

२६ ऑक्टोबर, रविवार

सीक्यू वर्ल्ड वाइड, फोन. काकांच्या घरी आळीपाळीने बसलो. 'फाइव्ह नाइन टू टू' (सिग्नलचा शेरा ५९, झोन २२), दिवसभर. इथे झोन सॉफ्टवेअर भरतंच, तरी भाचीने प्रत्येकाचा झोन कानाने ऐकून मग पडद्याकडे पाहायचं असा नेम ठेवला. अमेरिकेतल्या एका स्टेशनचा झोन पडद्यावर ५ आणि कानाला ३ आला. तिने विचारलं, त्याने 'थ्री' पक्कं केलं. कॉलसाइनमधला आकडा पूर्वेकडचा, माणूस पश्चिमेला राहायला गेलेला. तिकडे पत्ता बदलला तरी कॉलसाइन तोच ठेवता येतो, त्यामुळे सॉफ्टवेअरचा अंदाज चुकू शकतो. तिने तो दुरुस्त केला आणि पुढच्याला बोलावलं.

९ नोव्हेंबर

आपसातली सराव स्पर्धा. म्हापसा, डिचोली, मडगाव, फोंडा, वाळपई आणि आम्ही पणजीतले दोघे. वाळपईचा सिग्नल सगळ्यांत पातळ. मध्ये डोंगर, आणि त्याच्याकडे साधा उभा अँटेना. तरीही 'माइक किलो सेव्हन फाइव्ह, ब्राव्हो माइक' दुसऱ्या फेरीत सगळ्यांकडे पूर्ण पोचलं. लॉग ताडून पाहिले. व्ही-डब्ल्यूचा घोळ कोणाच्याच लॉगमध्ये नाही. राहिलेल्या चुका कॉलसाइनच्या आहेत, त्या वेगळ्या बसून पाहू.

कार्ड आता छापायला हरकत नाही. शेवटचा मजकूर: पूर्ण सहा, एका चालीत, पहिल्या चारांनंतर छोटा थांबा. अंक सुटे. नऊ नाइनर. परत मागितलं तर मागितलेलंच, शब्द बदलून. ऐकणाऱ्याने उत्तर सुचवू नये. खाली प्रत्येकाने आपल्या जागेचा लोकेटर स्वतःच्या हाताने लिहायचा. पणजीतल्यांनी घरचा आणि गाडीचा वेगळा.

राहिलेलं काम: एमके७४ मधून आमच्यापैकी अजून कोणीच बोललेलं नाही. डिसेंबरात पोळे गावी जायचं आहे. काका आडवा यागी (एका दिशेला रोखायचा अँटेना) देणार, बॅटरी माझी. कारवारच्या बाजूने कोणी ऐकायला बसेल का, ते या आठवड्यात विचारायचं.